गायतोंडेंचं चित्र ६७ कोटींना गेलं, पण पैसे कुणाला मिळाले? छोट्या उद्योजकासाठी पाच धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘किंमत आणि मूल्य’ हा विषय घेतला. वेळ कमी पडला, म्हणून त्यातलं मुख्य उदाहरण इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये थोडी आकडेमोड आहे.

उदाहरण आहे एका चित्रकाराचं. तुम्ही म्हणाल, आम्ही राहुरीत पापड-मसाले करणारी, गुऱ्हाळ चालवणारी, फॅब्रिकेशनचं दुकान टाकणारी माणसं. आमचा आणि अमूर्त चित्रांचा काय संबंध? संबंध आहे. ज्या वस्तूची किंमत ठरवायला ना किलो आहे, ना मीटर, ना एमआरपी, तिची किंमत कशी ठरते हे कळलं की आपल्या मालाची किंमत कुठे अडते हेही कळतं.

आधी माणूस समजून घ्या

वासुदेव गायतोंडे. जन्म २ नोव्हेंबर १९२४, नागपूर. घराणं मूळ गोव्याचं, वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. हुसेन, रझा, सूझा ही त्यातली मंडळी. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं पारितोषिक मिळालं. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ च्या सुमारास ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन पूर्व भागात गच्चीवरच्या एका छोट्या खोलीत, दिल्लीवाले जिला बरसाती म्हणतात तिच्यात राहू लागले. लग्न केलं नाही. १९८४ मध्ये अपघात झाला, त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंदच होते, कागदावर छोटी रेखाटनं चालू होती. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले.

त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. रंगाचे थर आहेत. एकावर एक. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग लावायचा, कागदाचे फाटके तुकडे वापरून त्याचे आकार उमटवायचे, काही ठिकाणी रंग काढायचा, मग थांबायचं. बघणाऱ्याला वाटतं पाण्याच्या तळाशी काहीतरी हलतंय. पावसाळ्यात मुळा धरणाच्या भिंतीवर उभं राहून धुक्यातलं पाणी पाहिलं असेल, तर त्या रंगाची थोडी कल्पना येईल. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना स्वतःला मान्य नव्हता. आपली चित्रं कशाचं तरी रूप पुसून झालेली नाहीत, ती मुळातच वस्तूविरहित आहेत, अशी त्यांची भूमिका होती. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांचा त्यांच्यावर प्रभाव होता.

आणि महत्त्वाचा मुद्दा: वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. बस्स.

आता आकडे लिहून घ्या

त्यांच्या मृत्यूनंतरच्या लिलावांतले हे मोठे टप्पे आहेत:

– डिसेंबर २०१३, क्रिस्टीज, मुंबई: १९७९ चं चित्र, २३.७० कोटी रुपये
– डिसेंबर २०१५, क्रिस्टीज, मुंबई: १९९५ चं चित्र, सुमारे २९.३० कोटी
– सप्टेंबर २०२०, पंडोल्स: १९७४ चं चित्र, ३२ कोटी
– मार्च २०२१, सॅफ्रनआर्ट: १९६१ चं चित्र, ३९.९८ कोटी
– फेब्रुवारी २०२२, पंडोल्स: १९६९ चं चित्र, ४२ कोटी
– सप्टेंबर २०२५, सॅफ्रनआर्ट: १९७० चं चित्र, ६७.०८ कोटी

मध्ये २४ ऑक्टोबर २०१४ ते ११ फेब्रुवारी २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. नंतर ते व्हेनिसलाही गेलं. मराठीत ‘चिन्ह’च्या सतीश नाईक यांनी ‘गायतोंडे’ हा जाडजूड ग्रंथ काढला. म्हणजे माणूस गेल्यावर साधारण बारा-पंधरा वर्षांनी नाव सगळीकडे झालं.

इथपर्यंतची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि तिच्याखाली एक ओळ असते: ‘काम चांगलं करा, जग एक दिवस दखल घेईलच.’ ही ओळ मला धोकादायक वाटते. का, ते पाच धड्यांत बघू.

धडा १: विक्रीचा पैसा त्या दिवशीच्या मालकाला मिळतो, करणाऱ्याला नाही

कांद्याचं उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये शेतकऱ्याने बाजार समितीत कांदा विकला. ज्याने घेतला त्याने चाळीत साठवला. सप्टेंबरमध्ये भाव तिप्पट झाला. तो पैसा कुणाचा? साठवणाऱ्याचा. पिकवणाऱ्याने एप्रिलच्या भावात पावती फाडली, त्याचा व्यवहार तिथेच संपला. अर्थात चाळीत कांदा सडण्याची जोखीमही साठवणाऱ्याचीच.

चित्राचंही तसंच. चित्रकार गॅलरीमार्फत पहिल्यांदा विकतो, तो पहिला बाजार. नंतर मालक दुसऱ्याला विकतो किंवा लिलावात ठेवतो, तो दुसरा बाजार. वर दिलेले सगळे आकडे दुसऱ्या बाजारातले आहेत. जाहीर होणाऱ्या रकमेत सहसा लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही धरलेलं असतं. ६७ कोटींच्या बातमीत चित्रकाराचं नाव मोठं असतं, पण त्या व्यवहारात त्याचं खातं नसतं.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३-क नावाची एक तरतूद आहे. मूळ चित्र दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यात वाटा मिळू शकतो, पण तो विक्रीच्या जास्तीत जास्त १० टक्के. प्रत्यक्षात हे कलम फारसं वापरात आलेलं नाही. कायदा कागदावर असणं आणि पैसा खात्यात येणं यातलं अंतर आपल्याला नवं नाही.

तुमच्यासाठी प्रश्न: तुमच्या धंद्यात ‘चाळ’ कुणाकडे आहे? तुम्ही बिनलेबलचा मसाला किलोवर व्यापाऱ्याला देता आणि तो स्वतःचं नाव लावून विकतो, तर वाढणारं मूल्य त्याच्या चाळीत जमा होतंय. माल तुमचा, नाव त्याचं. दहा वर्षांनी गिऱ्हाईक त्याचं नाव घेऊन दुकानात येईल. तुमच्या नावाने एक पाव किलोची पाकिटं तरी सुरू करा.

धडा २: किमतीच्या मागे फेरफार लागतो

जमीन घेताना तुम्ही काय बघता? सातबारा, आठ-अ, फेरफार. जमीन कितीही काळीभोर असो, फेरफारात घोळ असेल तर भाव पडतो. बरोबर?

चित्राचाही फेरफार असतो. चित्रकाराने कुणाला विकलं, कोणत्या गॅलरीतून, कोणत्या साली, मग कुणाकडे गेलं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, कुठल्या पुस्तकात छापलं. ही साखळी अखंड असेल तरच चित्र खरं मानलं जातं. साखळी तुटली की शंका, शंका आली की भाव अर्धा, नाहीतर शून्य. मृत चित्रकाराच्या बाबतीत तर जास्तच, कारण ‘हे तुमचंच का?’ असं विचारायला तो हयात नसतो.

गायतोंडेंची साखळी तयार झाली ती काही लोकांमुळे. मुंबईतल्या केमोल्ड आणि पंडोल यांसारख्या गॅलऱ्यांनी त्यांची चित्रं दाखवली. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी, म्हणजे टीआयएफआरसाठी आधुनिक भारतीय चित्रांचा जो संग्रह उभा केला, त्यात गायतोंडे आहेत. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात त्यांचं १९६२ चं ‘पेंटिंग, ४’ आहे. गुगेनहाइमच्या प्रदर्शनात सुमारे ४५ कामं होती आणि ती सुमारे ३० वेगवेगळ्या संग्रहांतून गोळा केली होती. आता विचार करा, तीस ठिकाणी कुणीतरी चित्र जपलं, नोंद ठेवली, म्हणून एका भिंतीवर ती एकत्र आली. नोंद नसती तर शोधायचं कुठे?

याचं घरचं उदाहरण आपल्या राहुरीतच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं. त्यांचे वाण बघा: ‘फुले २६५’ ऊस, ‘फुले समर्थ’ कांदा. प्रत्येकाच्या पुढे ‘फुले’. एका वाणामागे कित्येक वर्षांच्या चाचण्यांच्या नोंदी असतात. शेतकरी त्या नोंदी वाचत नाही, पण नावावर विश्वास ठेवून बेणं नेतो. नाव पुढे, नोंद मागे. ब्रँड म्हणजे दुसरं काय असतं?

तुम्ही काय कराल? प्रत्येक घाण्याला, प्रत्येक बॅचला तारीख आणि क्रमांक द्या. पहिल्या दिवसापासूनची लेबलं, दरपत्रकं, फोटो एका फाइलीत ठेवा. वर्षाला एक फाइल. खर्च शंभर रुपये.

धडा ३: कमी बनवणं परवडायला आधी खर्च कमी लागतो

‘वर्षाला पाच-सहाच चित्रं’ हे ऐकून काही जण म्हणतात, ‘सर, म्हणजे तुटवडा करायचा, भाव आपोआप वाढतो.’ थांबा. माणूस पाच-सहा चित्रांवर वर्ष काढू शकत होता, कारण राहायला एक खोली, संसार नाही, गाडी नाही, कर्मचारी नाही. त्यांचा स्थिर खर्च जवळजवळ नव्हता. म्हणून घाई नव्हती आणि घाई नव्हती म्हणून नको असलेलं चित्र विकायची वेळ आली नाही.

आता आपला हिशेब मांडा. समजा शेडचं भाडं ८,०००, बँकेचा हप्ता १२,०००, एका कामगाराचा पगार १०,०००. महिन्याला ३०,००० रुपये शटर उघडण्याआधीच गेले. एका नगावर तुम्हाला ६० रुपये सुटत असतील, तर नुसतं बरोबरीत यायला ५०० नग विकावे लागतील. तिथे ‘मी मोजकंच बनवीन’ म्हणणं परवडत नाही. तेच काम घरच्या पडवीत सुरू केलं आणि हप्ता नसेल, तर शंभर नगांवरही तुम्ही तग धरता आणि दर्जा राखता.

म्हणजे क्रम असा: आधी स्थिर खर्च कमी, मग दर्जासाठी वेळ, मग मोजका माल, मग भाव. आपण उलटं करतो. आधी कर्ज काढून नगर-मनमाड रस्त्याला गाळा घेतो, मग हप्त्यासाठी वाट्टेल तो माल काढतो.

धडा ४: आकडा मोठा दिसतो, वेग मोजा

२३.७० कोटींवरून ६७.०८ कोटी. डोळे दिपतात. पण मध्ये जवळजवळ १२ वर्षं आहेत. चक्रवाढीने मोजलं तर वर्षाला सुमारे ९ टक्के पडतात. बँकेच्या ठेवीपेक्षा बरे, पण जादू नव्हे.

आणि तोसुद्धा खरा परतावा नाही. का? कारण ती सहा वेगवेगळी चित्रं आहेत. १९७९ चं एक, १९९५ चं दुसरं. एकच चित्र २३ चं ६७ झालेलं नाही. शिवाय आपण फक्त विक्रम बघतोय. विक्रम न झालेल्या विक्रींची बातमी होत नाही. बाजार समितीतल्या एका गोणीला मिळालेला सर्वांत जास्त भाव छापून येतो, सगळ्या ट्रॉलीला तो भाव मिळत नाही. तसंच हे.

अजून एक गोष्ट. १९७२ च्या कायद्याने राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ यांच्यासह नऊ चित्रकारांची कामं ‘राष्ट्रीय कलाठेवा’ ठरवली आहेत, ती देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. गायतोंडे त्या नऊमध्ये नाहीत. म्हणून त्यांच्या चित्राला न्यूयॉर्क-लंडनचाही ग्राहक मिळतो. किंमत वस्तूत जेवढी असते तेवढीच ती किती ग्राहकांपर्यंत पोचू शकते यातही असते. तुमचा गूळ फक्त तालुक्यात विकला जातो की पुण्यापर्यंत जातो, यावर भाव ठरतो. गूळ तोच.

म्हणून हे वाचून कुणी ‘चित्रात पैसे गुंतवावे का’ असं विचारू नका. गरज पडली तर सोमवारी विकून मंगळवारी कच्चा माल आणता येत नाही, अशा वस्तूत छोट्या उद्योजकाचं खेळतं भांडवल कधीच अडकवायचं नाही. चित्र आवडलं तर जरूर घ्या, घरात लावा, तरुण चित्रकाराला त्याच्या हयातीत चार पैसे मिळतील. तेही मोठं काम आहे.

धडा ५: ‘जग दखल घेईल’ हे धोरण होऊ शकत नाही

आता त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ओळीकडे येऊ. गायतोंडे शांतपणे काम करत राहिले आणि नाव झालं, हे खरं. पण त्यांच्यासारखीच शांतपणे काम करत राहिलेली आणि विसरली गेलेली किती माणसं असतील? त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत येतच नाही, कारण ती विसरली गेली. फक्त पोचलेल्यांकडे बघून रस्ता ठरवला, तर रस्ता सोपा वाटतो. न पोचलेले मोजले की खरा रस्ता कळतो.

शिवाय गायतोंडे ‘कुणालाच माहीत नव्हते’ हेही खरं नाही. टोकियोचं पारितोषिक, रॉकफेलर शिष्यवृत्ती, पद्मश्री, हे सगळं हयातीतलं आहे. चित्रकार मंडळींत त्यांना मोठा मान होता. मोठ्या बाजाराला मात्र ते उशिरा कळले. मृत्यूनंतर जे झालं त्याचं बी हयातीत पेरलेलं होतं: एकच एक काम चाळीस वर्षं, ते दाखवणाऱ्या गॅलऱ्या, ते ठेवणाऱ्या संस्था आणि त्यावर लिहिणारी माणसं. या चार गोष्टींपैकी पहिली त्यांच्या हातातली. उरलेल्या तीन इतरांच्या. त्या तीन नसत्या तर पहिलीचं काय झालं असतं, कोण सांगणार?

मला यात खरी टोचणी वाटते ती अशी. चांगलं काम करणाऱ्याच्या आयुष्यात आणि त्याच्या कामाच्या किमतीत कधीकधी गाठच पडत नाही. चित्रकाराने ते स्वीकारलं असेल, त्यांना बाजाराची फिकीर नव्हती. पण तुमच्या घरी मुलांची फी आहे, आईचं औषध आहे. तुम्हाला ती गाठ हयातीतच घालावी लागेल. दर्जाच्या बाबतीत गायतोंडेंसारखं हट्टी व्हा. विक्रीच्या बाबतीत त्यांच्यासारखं अलिप्त राहणं तुम्हाला परवडणारं नाही.

तुमच्या मागे काय राहील?

शेवटचा मुद्दा थोडा जड आहे, पण बोलायला हवा. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गायतोंडेंच्या चित्रांचा २०६१ अखेरपर्यंत आहे. म्हणजे करणारा गेला तरी हक्क राहतो, आणि तो कुणाकडे तरी जातो.

तुमच्या धंद्यात काय राहील? आपल्याकडे बहुतेक छोट्या धंद्यांत पाककृती काकूंच्या हातात, उधारी दादांच्या डोक्यात आणि दुकानाचं नाव कुणाच्याच नावावर नाही, अशी स्थिती असते. दादा अचानक गेले की महिन्याभरात उधारी बुडते, वर्षभरात शेजारचा तेच नाव लावून बसतो. घरच्यांच्या हातात काय? रिकामा गाळा आणि हप्ता.

हे टाळायला मोठा वकील लागत नाही. पुढच्या रविवारपर्यंत एवढा गृहपाठ करा:

१. उद्यम नोंदणी केली नसेल तर करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

२. धंद्याचं नाव टिकवायचं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज करा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, मग नूतनीकरण करता येतं.

३. तुमच्या मुख्य उत्पादनाची कृती, प्रमाण, कच्चा माल कुठून येतो, हे एका वहीत लिहा. वही कुठे आहे ते घरातल्या एका माणसाला सांगा.

४. उधारीची यादी दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी तारखेसह लिहा. डोक्यात ठेवू नका.

५. बँक खातं, विमा, गाळ्याचा करार, सगळीकडे वारसनोंद बघा. जिथे रकाना रिकामा आहे तिथे नाव भरा.

६. आणि शेवटी एक प्रश्न वहीत लिहा: माझ्या मालाचं मूल्य उद्या वाढलं, तर ते कुणाच्या चाळीत साठेल? उत्तरात तुमचं नाव येत नसेल, तर ते यायला काय करावं लागेल ते त्याखाली लिहा.

पुढच्या व्हिडिओत आपण स्थिर खर्च आणि बरोबरीचा बिंदू हा हिशेब फळ्यावर करून बघणार आहोत. धडा ३ मधली आकडेमोड स्वतःच्या आकड्यांनी करून ठेवा, म्हणजे तेव्हा सोपं जाईल.

कामाला लागा. भेटू पुढच्या आठवड्यात.